सात गावं, एकवीस तास भाषणं आणि मतपत्रिकेवर नाव कुणाचंच नाही

गवतीचहा

मंडळी, एक बावळट वाटेल असा प्रश्न घेऊन आलोय.

आमची धाकटी यंदा सातवीत. राहतो शिकागोजवळ, त्यामुळे शाळेत लिंकनचं कौतुक जरा जास्तच. तिला प्रोजेक्ट मिळालाय १८५८ च्या लिंकन-डग्लस वादविवादांवर, म्हणजे सिनेटच्या (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) जागेसाठी रिपब्लिकन लिंकन आणि डेमोक्रॅट डग्लस भांडले त्यांवर. ऑटवा, फ्रीपोर्ट, जोन्सबरो, चार्ल्सटन, गेल्सबर्ग, क्विन्सी, आल्टन अशी इलिनॉयमधली सात गावं. प्रत्येक ठिकाणी तीन तासांचा कार्यक्रम: पहिला वक्ता एक तास, दुसरा दीड तास, मग पहिल्याला उत्तर द्यायला अर्धा तास. नकाशा चिकटवून झाला, गावांवर टाचण्या टोचून झाल्या, आणि रात्री जेवताना तिने विचारलं, "बाबा, लोकांनी एकवीस तास उभं राहून ऐकलं, मग मत कुणाला दिलं?"

म्हटलं, ज्याला जो पटला त्याला. लिंकनला नाहीतर डग्लसला.

"नाही. मी बघितलं. मतपत्रिकेवर दोघांचंही नाव नव्हतं."

घास हातातच राहिला. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शंभर प्रश्न घोकले होते, पण १९१३ पर्यंत अमेरिकेत सिनेटर लोक निवडतच नव्हते, राज्याच्या विधिमंडळातले आमदार निवडायचे, हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं. मग लोक त्या सभांना जायचे कशाला? आणि १७८९ पासून सव्वाशे वर्षं ही पद्धत खपवून कशी घेतली? जाणकारांनी प्रकाश पाडावा. पोरीसमोर पुन्हा तोंडघशी पडायचं नाहीये.

पाचुंदा

पहिला! जागा धरून ठेवतोय. शेंगदाणे घेऊन बसलोय.

जुनापुराणा

गवतीचहा, प्रश्न बावळट अजिबात नाही. १७८७ ची घटना लिहिताना कल्पना अशी होती की खालचं सभागृह लोकांचं आणि सिनेट राज्यांचं. राज्य लहान असो वा मोठं, प्रत्येकाचे दोन सिनेटर, सहा वर्षांसाठी, आणि ते निवडणार त्या त्या राज्याचं विधिमंडळ. राज्याचा वकील राज्याच्या सरकारनेच नेमावा, इतका साधा हिशोब.

फक्त एक गोष्ट घटनेत लिहायची राहिली: निवडायचं कसं? दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून की वेगवेगळं मतदान करून? प्रत्येक राज्याने आपापली तऱ्हा काढली. न्यूयॉर्कचा घोळ तर पहिल्याच वर्षी. १७८९ च्या एप्रिलमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा शपथविधी न्यूयॉर्क शहरात झाला, आणि नव्या सिनेटमध्ये न्यूयॉर्क राज्याच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या! दोन्ही सभागृहांचं कार्यपद्धतीवरच एकमत होईना. शेवटी जुलैमध्ये रूफस किंग आणि फिलिप स्कायलर निवडले गेले. लग्न यजमानाच्या मांडवात आणि यजमानच गैरहजर.

विटेवरी

म्हणजे आपली राज्यसभाच की. आमदार मतं देतात, सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. यात आश्चर्य ते काय?

टंगळमंगळ

विटेवरी, साम्य आहे पण एक मोठी गोम आहे, ती गणितवाले सांगतीलच.

मी दोन वर्षांपूर्वी इलिनॉयच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला गेलो होतो. तिथे जुनं विधानभवन आहे. दगड न् दगड उतरवून साठच्या दशकात पुन्हा रचलेलं. वर प्रतिनिधींचं दालन. अर्धगोलात मांडलेली लाकडी डेस्कं, दौती, शेगड्या. लिंकनने 'फुटलेलं घर उभं राहत नाही' हे प्रसिद्ध भाषण १८५८ च्या जूनमध्ये याच दालनात केलं, म्हणून लोक फोटो काढतात. मला जास्त रस होता ८ फेब्रुवारी १८५५ मध्ये. कारण लिंकन सिनेटची निवडणूक एकदा नाही, दोनदा हरला, आणि पहिल्यांदा इथेच, आमदारांच्या डोळ्यांसमोर.

झालं असं. १८५४ च्या शेवटी लिंकन स्वतः आमदार म्हणून निवडून आला होता. पण राज्याच्या नियमाप्रमाणे आमदाराला सिनेटर होता येत नव्हतं, म्हणून त्याने जागा सोडली. पोटनिवडणुकीत ती जागा विरोधी पक्षाने जिंकली! स्वतःचंच एक मत स्वतःच्या हाताने घालवलं. ('सोडचिठ्ठी देऊन सवत आणली' असं आमची आजी म्हणाली असती.)

मग मतदान. दुसऱ्या दिवशी काँग्रेसमधल्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या) मित्राला लिहिलेल्या पत्रात लिंकनने हिशोब मांडलाय: सुरुवातीला मला ४४, जेम्स शील्ड्सला ४१ आणि लायमन ट्रंबुलला ५. बहुमताला साधारण पन्नास लागत होती. ट्रंबुलचे ते पाच जण गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारे, पण मूळचे डेमोक्रॅट. लिंकन तेव्हा व्हिग पक्षाचा, आणि व्हिग पक्षाच्या माणसाला मत देणार नाही म्हणजे नाही. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. मधेच डेमोक्रॅटांनी शील्ड्सला सोडून गव्हर्नर मॅटेसनला पुढे केलं आणि तो ४७ पर्यंत चढला. लिंकनचे लोक गळत गळत पंधरावर आले. तेव्हा त्याने उरलेल्यांना सांगितलं, माझं सोडा, ट्रंबुलला द्या. दहाव्या फेरीत पाच मतांचा ट्रंबुल ५१ मतांनी सिनेटर!

दालनात कठड्याला टेकून मी हेच कल्पून बघत होतो. चव्वेचाळीस मतांचा धनी आपली मतं पाचवाल्याच्या ओंजळीत टाकतोय.

मधुमालती

टंगळमंगळ, अर्धीच गोष्ट सांगितलीत! त्या तिघांचं जुनं प्रकरण होतं हो.

१८४२ मध्ये या शील्ड्सची टिंगल करणारी पत्रं टोपणनावाने स्प्रिंगफील्डच्या वर्तमानपत्रात छापून आली. एक लिंकनचं होतं. पुढच्या खोड्या मेरी टॉड आणि तिची मैत्रीण जुलिया जेन या दोघींच्या. शील्ड्स भडकला, लिंकनने दोष स्वतःवर घेतला आणि शील्ड्सने थेट द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. हत्यार निवडायचा हक्क लिंकनचा. त्याने निवडल्या घोडदळाच्या लांब तलवारी. सव्वासहा फुटी माणसाचे हात केवढे, विचार करा! मिसिसिपी नदीतल्या बेटावर, आल्टनच्या समोर, मंडळी जमली पण आणि ऐनवेळी मित्रांनी समेट घडवला.

त्याच वर्षी मेरीचं लिंकनशी लग्न झालं, जुलिया करवली. नंतर जुलियाने लग्न केलं कुणाशी? लायमन ट्रंबुलशी. म्हणजे १८५५ च्या त्या दालनात एकीकडे जुना तलवारवाला, दुसरीकडे मैत्रिणीचा नवरा. ट्रंबुल जिंकला आणि मेरीने जुलियाशी जे बोलणं टाकलं ते कायमचंच.

पाचुंदा

शेंगदाणे संपले. कुणीतरी ही मालिका काढा रे. द्वंद्वयुद्ध, करवली, दहा मतफेऱ्या, सगळा मसाला तयार आहे.

टंगळमंगळ

ताई, दंडवत! 🙏 शील्ड्सची आणखी एक गंमत. हा बहाद्दर इलिनॉयचा सिनेटर होताच, नंतर मिनेसोटाचाही झाला आणि शेवटी मिसूरीचाही. तीन वेगवेगळ्या राज्यांतून सिनेटवर गेलेला एकमेव माणूस. बदलीची नोकरी असल्यासारखा.

गवतीचहा

आल्टन! सातवा वादविवाद तिथेच झालाय. टाचणी लावलेली आहे. आता शेजारी तलवारही काढायला सांगतो.

खाणमजूर

जोपर्यंत अब्रू, मैत्री वगैरे पणाला लागत होती तोपर्यंत ठीक. पण शतकाच्या शेवटी पैसा आला आणि मग खऱ्या अर्थाने बाजार भरला. खनिकर्माच्या कामासाठी माझं माँटानात जाणं झालंय, म्हणून तिथलं सांगतो.

ब्यूट हे तांब्याचं गाव. खाण एवढी अजस्र की गावाच्या एका बाजूला डोंगराऐवजी खड्डाच दिसतो. तिथे विल्यम क्लार्क नावाच्या ताम्रसम्राटाचं घर अजून उभं आहे. लाल विटांचं, आत कोरीव लाकडाचा जिना. जिन्यावर हात फिरवत वर जाताना जाणवतं की या माणसाला फक्त एकच गोष्ट पैशाने मिळत नव्हती, ती म्हणजे सिनेटर ही उपाधी. आणि मग त्याने तीही पैशानेच मिळवायचं ठरवलं.

जानेवारी १८९९. हेलेना या राजधानीत विधिमंडळ भरलं. फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या सदस्याने लखोटे पुढे ठेवले, त्यांत हजार हजार डॉलरच्या तीस नोटा. म्हणाला, क्लार्कला मत द्यावं म्हणून हे वाटायला आणले होते. एवढा बॉम्ब फुटल्यावर माणूस संपायला हवा की नाही? छे. क्लार्कच्या बाजूने हाकाटी झाली की हा दुसऱ्या ताम्रसम्राटाने, मार्कस डेलीने, रचलेला बनाव आहे. काही दिवसांतच व्हाइटसाइडचीच आमदारकी निवडणुकीच्या वादात गेली, आणि क्लार्क निवडून आला. तो डेमोक्रॅट, पण मतं देणाऱ्यांत अकरा रिपब्लिकन.

पुढचा अंक वॉशिंग्टनमध्ये. सिनेटच्या समितीने चौकशी केली आणि १९०० मध्ये अहवाल दिला की ही निवड वैध नाही. हकालपट्टी होण्याआधी क्लार्कने भाषण करून राजीनामा दिला. त्याच दिवशी माँटानाचे गव्हर्नर राज्याबाहेर, कॅलिफोर्नियात. खुर्ची लेफ्टनंट गव्हर्नरकडे, आणि तो क्लार्कचा माणूस. त्याने रिकाम्या झालेल्या जागेवर नेमणूक केली... क्लार्कचीच! क्लार्कच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर क्लार्क. गव्हर्नर धावत परत आले, ती नेमणूक रद्द केली, दुसऱ्याला नेमलं. सिनेटने दोघांनाही बसू दिलं नाही.

आणि १९०१ मध्ये? विधिमंडळाने क्लार्कला पुन्हा निवडून पाठवलं. सहा वर्षं सुखाने बसला. लास व्हेगास ज्या काउंटीत आहे ना, ती क्लार्क काउंटी याच्याच नावाची.

विटेवरी

तेव्हा खोके नव्हते, लखोटे होते. प्रगती म्हणतात ती हीच.

ऊसतोड

आमच्याकडे कारखान्याच्या चेअरमन निवडीच्या वेळी संचालकांना 'सहलीला' न्यायचे. माझे मामा एकदा असे आठ दिवस महाबळेश्वरला होते. परत आल्यावर स्ट्रॉबेरी आणली होती दोन पेट्या, आणि मत कुणाला दिलं ते मामीलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. कारखान्याचं नाव सांगत नाही, मामा अजून आहेत.

चौकीदार (संपादक)

खोके, सहली, सध्याचे पक्ष यांच्यासाठी वेगळा विभाग आहे. धागा एकोणिसाव्या शतकात राहू द्यावा. मामांना मात्र नमस्कार सांगा.

अधोरेखित

क्लार्कची कथा चटकदार आहे म्हणून सगळीकडे तीच सांगितली जाते. पण माझं मत वेगळं आहे: लाच हा या पद्धतीचा खरा रोग नव्हताच. खरा रोग म्हणजे कोंडी. लाच घेऊन का होईना, निदान कुणीतरी निवडून यायचं. कोंडीत कुणीच येत नसे आणि राज्याचा कारभारही ठप्प.

याचं मूळ गंमतशीर आहे. १८६५ मध्ये न्यू जर्सीच्या आमदारांनी ऐनवेळी नियम बदलला: बहुमत नको, सर्वांत जास्त मतं मिळवणारा जिंकला. त्यावर जॉन स्टॉक्टन ८१ पैकी ४० मतांवर निवडून आला. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये वाद झाला, ही निवड धरायची का? मतं समसमान झाली, तेव्हा स्टॉक्टन साहेब उठले आणि स्वतःलाच मत दिलं. २२ विरुद्ध २१! दुसऱ्या दिवसापासून एवढा गदारोळ झाला की फेरमतदान करून त्यांना घरी पाठवलं. (पाठवणाऱ्यांचा हेतूही फार सात्त्विक नव्हता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनचा नकाराधिकार उलथवायला त्यांना दोन तृतीयांश जमवायचे होते, एक विरोधक कमी झाला तर बरंच.)

या गोंधळावर उपाय म्हणून १८६६ मध्ये कायदा केला. आधी दोन्ही सभागृहं वेगवेगळी मतं देतील. एकाच माणसाला दोन्हीकडे बहुमत मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता संयुक्त बैठक, आणि निवड होईपर्यंत रोज किमान एक मतफेरी. मतदान उघड, नाव पुकारून. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात बंडखोरांच्या हातात सोन्याची किल्ली दिली. पंधरावीस जण अडून बसले की रोज दुपारी बाराची घंटा, रोज एक फेरी, रोज तोच निकाल. १८९१ ते १९०५ या पंधरा वर्षांत वीस राज्यांत मिळून ४५ कोंड्या झाल्या.

डेलावेर हे याचं आदर्श उदाहरण. एवढंसं राज्य, दोन्ही सभागृहं मिळून आमदार तीस. तिथे एडवर्ड अ‍ॅडिक्स नावाचा गॅसकंपन्यांचा धनी सिनेटर व्हायला आला. त्याच्याकडे बहुमत कधीच नव्हतं, पण मूठभर आमदार पक्के होते आणि घोषणा एकच: मी नाहीतर कुणीच नाही. १८९५ मध्ये तिथे ११४ दिवसांत २१७ फेऱ्या झाल्या. निष्पन्न शून्य.

त्यातही शेवटचा दिवस ऐकण्यासारखा आहे. अधिवेशन चालू असताना गव्हर्नर वारले. राज्याच्या सिनेटचे सभापती वॉटसन गव्हर्नर झाले. शेवटच्या फेरीत हे वॉटसन येऊन आमदार म्हणून मत देऊन गेले. त्यांचं मत धरलं तर एकूण तीस, आणि हेन्री ड्यू पाँ याला पंधरा, म्हणजे बहुमत नाही. नाही धरलं तर एकोणतीस, त्यात पंधरा म्हणजे बहुमत! ड्यू पाँ वॉशिंग्टनला जाऊन वर्षभर भांडला. गव्हर्नर झालेला माणूस आमदार कसा? सिनेटने त्याचा दावा फेटाळला, तोही ३१ विरुद्ध ३० अशा एका मताने.

अ‍ॅडिक्स काही हटला नाही. १८९९ पासून चार वर्षं एक खुर्ची रिकामी, आणि १९०१ ते १९०३ तर दोन्ही. दोन वर्षं डेलावेरला अख्ख्या सिनेटमध्ये कुणी वाली नाही. आता सांगा, 'राज्यांचं प्रतिनिधित्व' कुठे गेलं? अ‍ॅडिक्स सिनेटर झालाच नाही, पैसा मात्र सगळा उडाला.

पाचुंदा

स्वतःचं मत स्वतःला २२-२१! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी याच पद्धतीने निवडून आलेत. फेरमतदान मात्र झालं नाही.

शून्यशेष

गणिताची गोम मी सांगतो. विटेवरींनी राज्यसभा काढली म्हणूनच.

राज्यसभेत कोंडी का होत नाही? कारण पसंतीक्रमाची पद्धत. आमदार मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे लिहितो. सहा जागा असतील तर २८८ आमदारांत साधारण बेचाळीस पहिल्या पसंतीची मतं मिळाली की माणूस आत. कोणी पोचला नाही तर सर्वांत मागचा बाद आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे. एकदा पेटी उघडली की त्याच रात्री, फार तर पहाटे, निकाल लागतोच. महाराष्ट्राने २०२२ च्या जूनमध्ये सहाव्या जागेसाठी ती पहाट बघितली आहे (चौकीदार, एवढंच, पुढे जात नाही). खुर्ची चार वर्षं रिकामी राहणं आपल्याकडे गणितानेच अशक्य.

अमेरिकेत जागा एकावेळी बहुधा एकच, आणि अट निम्म्याहून जास्त मतांची. सर्वांत मागच्याला बाद करण्याचा नियमच नाही. त्यामुळे पाच जण दहा फेऱ्या अडून राहू शकतात, आणि जिंकूही शकतात.

हेच १८५५ ला लावून बघा. पसंतीक्रम असता तर पाच मतांचा ट्रंबुल सुरुवातीलाच बाद. त्याच्या पाचही जणांनी दुसरी पसंती लिंकनला दिली असती असं धरलं (मोठं धाडस आहे) तरी ४४ अधिक ५ म्हणजे ४९. बहुमताला ५०! एकाने मेला. आणि ते एक मत कुठलं, तर त्याने स्वतःच राजीनामा देऊन घालवलेलं. 😄

टंगळमंगळ

हा हिशोब माझ्या डोक्यात आला नव्हता राव! पुढच्या वेळी दालनात जाऊन ती रिकामी खुर्ची शोधतो.

उलटतपासणी

सगळेच जुन्या पद्धतीला झोडपताय, म्हणून विरोधी बाकावर बसतो.

आमदारांनी निवडलेला सिनेटर आमदारांना उत्तरदायी असायचा. राज्यं सिनेटरला लेखी आदेश पाठवत, अमुक ठरावावर असंच मत द्या. १८३६ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने जॉन टायलरला आदेश दिला की राष्ट्राध्यक्ष जॅक्सनवरचा निषेधाचा ठराव नोंदीतून खोडायच्या बाजूने मत दे. टायलरला ते पटेना. पण मालकाचा हुकूम मोडणंही पटेना. सरळ राजीनामा देऊन घरी गेला. आज असा एक दाखवा.

आणि १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून चार्ल्स सम्नर निवडून आला तोही याच पद्धतीतून. तीन महिने, २६ फेऱ्या, बरोबर लागत होती तेवढीच १९३ मतं, एकही जास्त नाही. गुलामगिरीचा एवढा कडवा विरोधक तेव्हा थेट मतदानात निवडून आला असता असं मला वाटत नाही. कोंडीतून कधीकधी हिराही निघतो.

पैशाचं म्हणाल तर थेट निवडणुकीत तो गेला का? उलट आता तीस नोटांत भागत नाही, सगळ्या राज्यात जाहिराती कराव्या लागतात.

अधोरेखित

टायलर मान्य. पण असे आदेश सगळेच पाळत नव्हते. मधेच काढून टाकायचा अधिकार विधिमंडळाला नव्हता, त्यामुळे मानलं तर हुकूम, नाहीतर कागद. सम्नरचा मुद्दा चांगला आहे, त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

मधुमालती

राजीनाम्यावरून आठवलं. १८८१, न्यूयॉर्क. रॉस्को काँकलिंग हा तिथला दादा सिनेटर. राष्ट्राध्यक्ष गारफिल्डने बंदराच्या जकातप्रमुखपदी त्याच्या विरोधकाला नेमलं म्हणून रुसला आणि मे महिन्यात राजीनामा दिला. मागोमाग दुसरा सिनेटर थॉमस प्लॅटनेही. तेव्हापासून त्याला 'मी पण' प्लॅट म्हणायला लागले! डाव असा की ऑल्बनीत, न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, आपलेच आमदार आहेत, आठवड्याभरात पुन्हा निवडून देतील आणि राष्ट्राध्यक्षाचं नाक कापलं जाईल.

आमदार म्हणाले, बघू. रोज फेरी, रोज कोंडी. जूनच्या शेवटी विरोधकांना सुगावा लागला की प्लॅट हॉटेलच्या खोलीत परस्त्रीबरोबर आहे. त्यांनी शिडी आणली, दारावरच्या झरोक्याला लावली आणि पाळीपाळीने चढून आत बघितलं! आमदार बरं का, लोकांनी निवडून दिलेले. दुसऱ्या दिवशी प्लॅटने माघार घेतली. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, गारफिल्डवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मारेकरी स्वतःला काँकलिंगच्याच गटाचा म्हणवत होता. संपलंच मग. जुलैत दोन्ही जागांवर दुसरेच निवडले गेले. काँकलिंग पुन्हा कधी सिनेटमध्ये दिसला नाही. प्लॅट मात्र १८९७ मध्ये परत आला. शिडीचं लोक विसरले.

पाचुंदा

शिडी!!! 😂😂 आजचा दिवस वसूल.

माहेरवाशीण

मजा येतेय वाचायला, पण एक खडा टाकते. 'लोकांनी निवडावं की आमदारांनी' असं सगळे म्हणताय, तेव्हाचे 'लोक' म्हणजे कोण? १८५८ च्या इलिनॉयमध्ये मत फक्त गोऱ्या पुरुषांना. गुलामगिरीवर एकवीस तास चर्चा आणि ज्यांच्याबद्दल चर्चा त्यांना मत नाही. श्रोत्यांत बायका असायच्या, त्यांनाही नाही. १९१३ ला थेट निवडणूक आली तेव्हाही बहुतेक राज्यांत बायका मताविनाच होत्या.

जुनापुराणा

माहेरवाशीण, शंभर टक्के खरं.

बदल कसा झाला ते सांगतो, कारण सिनेट स्वतःचे पंख स्वतः कापणार नव्हती. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने १८९३ पासून पुन्हा पुन्हा मंजूर केली, सिनेटने दर वेळी बासनात ठेवली. मग राज्यांनी आडवाट काढली. ऑरेगनमध्ये तर १८९७ ला कोंडीपायी खालचं सभागृह भरूच शकलं नव्हतं, अख्खं अधिवेशन वाया. पोळलेल्या ऑरेगनने पुढे असा कायदा केला की लोक सिनेटरसाठी मत देतील आणि आमदारकीचा उमेदवार आधीच लिहून देईल की लोकांचा कौल मी मानेन, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. त्यावर १९०९ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने डेमोक्रॅट चेंबरलेनला सिनेटर केलं. नाक मुठीत धरून, पण केलं.

शेवटचा धक्का पुन्हा तुमच्या इलिनॉयचाच, गवतीचहा. १९०९ मध्ये विल्यम लॉरिमर ९५व्या फेरीत निवडून आला. वर्षभराने एका आमदाराने कबुली दिली की मला मतासाठी हजार डॉलर मिळाले. १९१२ मध्ये सिनेटने त्याची निवड रद्द केली. त्याच वर्षी दुरुस्ती काँग्रेसमध्ये मंजूर झाली आणि एप्रिल १९१३ मध्ये घटनेत गेली.

उलटतपासणी

आणि तरी २००८ मध्ये ओबामांची रिकामी झालेली सिनेटची जागा विकायला काढली म्हणून इलिनॉयच्याच गव्हर्नरला अटक झाली. म्हणजे मधले आमदार गेले, दुकान तेवढं राहिलं.

ऊसतोड

आमच्याकडे थेट सरपंच आणला, मग काढला, मग परत आणला. आता सरपंच एका गटाचा, सदस्य दुसऱ्या गटाचे, ग्रामसभेत खुर्च्या मोजून ठेवतात. मामा म्हणतात जुनंच बरं होतं. महाबळेश्वर तरी बघायला मिळायचं.

गवतीचहा

बाप रे, चार दिवस कामात होतो, इथे ग्रंथ झाला. सगळ्यांचे आभार. पण माझा पहिला प्रश्न वाऱ्यावरच राहिला: लोक सभांना जायचे कशाला? आणि मतं मोजली तर १८५८ मध्ये जिंकलं कोण?

टंगळमंगळ

जायचे कारण स्थानिक आमदाराला मत देणं हेच लिंकन किंवा डग्लसला मत देणं होतं. त्या वर्षी रिपब्लिकनांनी पक्षाच्या राज्य अधिवेशनात ठरावच करून टाकला होता की आमचा सिनेटचा उमेदवार लिंकन. तेव्हा हे फार विरळा. आमदार रस्ता बांधेल की नाही, शाळा काढेल की नाही, कुणी विचारत नव्हतं. तो वॉशिंग्टनला कुणाला पाठवेल एवढंच. मला विचाराल तर या पद्धतीत खरं नुकसान झालं ते त्या बिचाऱ्या राज्याच्या कारभाराचं.

जिंकलं कोण, तर सगळ्या राज्यातून निवडल्या जाणाऱ्या खजिनदाराच्या पदासाठी रिपब्लिकनांना सुमारे १ लाख २५ हजार मतं पडली, डग्लसच्या डेमोक्रॅटांना सुमारे १ लाख २१ हजार. पण मतदारसंघ जुन्या लोकसंख्येवर आखलेले. उत्तरेकडचा नवा, वाढता भाग लिंकनचा, आणि त्याला जागा कमी. शिवाय विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातले निम्मे सदस्य आधीचेच बसलेले. ५ जानेवारी १८५९ ला स्प्रिंगफील्डच्या विधानभवनात मतदान झालं: डग्लस ५४, लिंकन ४६.

आणखी एक. १८५५ ला अडून बसलेल्या त्या पाचांपैकी नॉर्मन जड १८५८ मध्ये लिंकनच्या बाजूने उभा होता. आणि त्यांतलाच दुसरा, जॉन पामर, १८९१ मध्ये स्वतः सिनेटर झाला, ते किती फेऱ्यांनंतर माहितीये? १५४.

शून्यशेष

केलेलं इथेच फेडायचं ते असं.

गवतीचहा

टंगळमंगळ, हे सगळं तिला वाचून दाखवलं. तिने पोस्टरवर लिंकन आणि डग्लसच्या चित्रांमध्ये आता शंभर ठिपके काढलेत, ५४ निळे आणि ४६ लाल, आणि खाली लिहिलंय 'खरे मतदार'. एक ठिपका आधी चुकून लाल रंगवला, मग खोडून निळा केला. म्हणाली, "हा फुटला."

मंगळवारी सादरीकरण आहे. शिडीचं मात्र सांगितलं नाही.